‘खरं’ म्हणजे ‘पण’

गेल्या महिन्यात खानापूरच्या एका मुलाचा फोन आला. पीयूसी, म्हणजे बारावी झालंय, सिनेमात काम करायचंय, मुंबईला जाऊ की नको? मी त्याच्याशी अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पॅन कार्डाचं सांगायचं राहिलंच. मग करारातल्या त्या एका कलमाचं आठवलं, तेही राहिलं होतं. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहून काढतो. त्याच्या उपयोगाचं निम्मं तरी यात असेल. उरलेलं निम्मं माझंच आहे, ते कुणाच्या उपयोगाचं नाही, खरं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं घर बेळगावात, वडगावला. पुढच्या सोप्यात चार माग आणि मागे आम्ही राहायला. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला मोठ्यानं बोलायची सवय असते. शाळेच्या गॅदरिंगला माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, म्हणून सरांनी मला नाटकात घेतलं. १९९६ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूरला एका मराठी सिनेमासाठी दहा-अकरा वर्षांचा मुलगा शोधताहेत असं त्यांनी कुठंतरी वाचलं. आम्हा तिघा पोरांना घेऊन ते लाल गाडीनं निघाले. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा माझी एक चप्पल हरवली. नवी होती. कोल्हापुरात त्या लोकांनी ‘रडून दाखव’ म्हटल्यावर मला फार प्रयत्न करावा लागला नाही. बाकीची दोघं हसत होती, मी चपलेसाठी रडत होतो. निवड माझी झाली.

मे महिन्यात बावीस दिवस शूटिंग झालं, काही कोल्हापूर चित्रनगरीत आणि काही पन्हाळ्यावर. रात्रीची कामं दोन-दोन वाजेपर्यंत चालायची. मी लाइटच्या पेट्यांवर झोपायचो आणि शॉट आला की कुणीतरी उचलून, तोंडावर पाणी मारून उभा करायचं. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं, जत्रेसारखं वाटत होतं. शेवटच्या दिवशी अप्पांच्या हातात पाकीट दिलं, सात हजार रुपये. कागद नाही, सही नाही. त्या पैशातून अप्पांनी तिसऱ्या मागाला नवी मोटर बसवली. बरेच दिवस ती ‘पिक्चरची मोटर’ म्हणून ओळखली जायची.

तेव्हा सेटवर आवाज रेकॉर्ड व्हायचा नाही. कॅमेराच इतका घरघरायचा की सगळं नंतर डब करावं लागायचं. मला डबिंगला बोलावणं आलं नाही. जून उजाडला, शाळा सुरू झाली, आम्ही विसरून गेलो. १९९७ च्या फेब्रुवारीत सिनेमा आमच्या गावच्या टॉकीजला लागला. घरचे, गल्लीतले, शाळेचे सर, असे सगळे मिळून चाळीस जण गेलो. पडद्यावर मी आलो, तोंड उघडलं आणि त्यातून भलत्याच पोराचा आवाज आला. बारीक, स्वच्छ, एकेक शब्द धुऊन वाळत घातलेला. आई मोठ्यानं म्हणाली, “ह्यो कोण बोलूलाय?” मागच्या रांगेनं तिला गप्प केलं.

नंतर समजलं की पुण्याच्या एका मुलाकडून डब करून घेतलं होतं. ‘बेळगावचं बोलणं पात्राला जुळत नव्हतं’ म्हणे. अप्पा म्हणाले, जाऊ दे, तोंड तर तुझंच आहे की.

सिनेमा आमच्याकडे जोरात चालला. पुढची दोन वर्षं मी बेळगावात ‘पिक्चरातला पोरगा’ होतो. गणपतीत मंडळं बोलवायची. आमच्याकडे शिवजयंतीला चित्ररथ निघतात, रात्रभर ट्रॉलीवर सजीव देखावे चालतात. त्यात मला बाल शिवाजी म्हणून उभं केलं होतं आणि पहाटे चारला मी फेट्यासकट झोपलो होतो. शाल, नारळ आणि भिंतीवरची घड्याळं मिळायची. घरात सात घड्याळं झाली. पण प्रत्येक स्टेजवर लोक म्हणायचे, “तो डायलॉग म्हण की.” मी म्हटला की पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. आवाज तो नव्हता ना! मग मी घरी सराव करून त्या पुण्याच्या मुलासारखा आवाज काढायला शिकलो. बाराव्या वर्षी मी माझीच नक्कल करत होतो, म्हणजे खरं तर त्याची.

आवाज फुटला तेव्हा तीही नक्कल जमेना. मंडळांची बोलावणी थांबली.

मुंबईची चार वर्षं थोडक्यात सांगतो, कारण अशा हकिगती तुम्ही ढिगानं ऐकल्या असतील. २००४ मध्ये पीयूसीनंतर चालुक्य एक्स्प्रेसनं दादरला उतरलो. डोंबिवलीला आतेभावाकडे राहायचो. काम मिळवून देणारा एक ‘कोऑर्डिनेटर’ कलाकारांच्या संघटनेचं कार्ड काढून देतो म्हणाला, म्हणून त्याला पाच हजार दिले आणि ते बुडाले. (पहिली सूचना इथंच : ऑडिशनला, निवडीला किंवा ‘फाइल पुढं सरकवायला’ पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. मग तो कितीही गोड बोलो.) २००५ मध्ये एक सिनेमा मिळाला, जवळजवळ पूर्ण झाला आणि पैसे घालणारा मागे हटला. तो डब्यात गेला, आजतागायत तिथंच आहे. एका मालिकेत नऊ भाग केले, दहाव्या भागापासून माझ्या जागी दुसरा मुलगा आला. कारण कुणी सांगितलं नाही. मेकअप रूममध्ये एक जण सहज म्हणाला, “तुझं मराठी जरा गावाकडचं लागतं रे.” मग एका बाईंकडे उच्चार सुधारायला जायला लागलो. तासाला दोनशे रुपये. ‘करूलास’चं ‘करतोयस’ झालं, ‘न्हाई’चं ‘नाही’ झालं. एकच शब्द जाता जाईना, तो म्हणजे ‘खरं’. आमच्याकडे ‘पण’ म्हणायचं असेल तर ‘खरं’ म्हणतात. “मी आलोतो, खरं तू नव्हतास.” मुंबईत लोक थांबून विचारायचे, खरं म्हणजे काय खरं?

२००८ मध्ये अप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि मी परत आलो.

परत येणं हे अपयशापेक्षा अवघड होतं, ते जरा सविस्तर सांगतो. मुंबईत मला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळं हरलो तरी कुणाला पत्ता नव्हता. बेळगावात मात्र खडेबाजारातून नाथ पै सर्कलपर्यंत चालत यायचं म्हटलं तरी चार जण विचारायचे, “काय, सध्या काय?” त्या प्रश्नाला मी बरेच महिने खोटं उत्तर दिलं, “शूटिंग पुढं ढकललंय.” मग दिवसा बाहेर पडणंच बंद केलं. २००९ च्या पावसाळ्यात झोप उडाली. रात्री तीनला उठून मागावर बसायचो. बायकोनं, म्हणजे तेव्हा लग्नाला सहाच महिने झाले होते तिनं, मला कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. आठ महिने गोळ्या घेतल्या. हे आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. खानापूरच्या त्या मुलालाही सांगितलं नाही, खरं सांगायला हवं होतं. झोप उडाली तर डॉक्टरकडे जावं. त्याला टॅलेंट कमी पडलं असं म्हणत नाहीत.

मग माग चालवले, दहा-अकरा वर्षं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पावसाचं पाणी घरात शिरलं, सूत गुंडाळलेले बीम भिजले, दोन मागांचं लाकूड फुगलं. सावरतोय तोवर २०२० चा लॉकडाउन. सूत येईना आणि साडी खपेना. त्या दिवाळीनंतर चारही माग भंगारवाल्याला किलोवर दिले. पिक्चरची मोटरही त्यातच गेली. तिचं तांबं काढून वेगळं वजन केलं, तेवढं मी बघितलं. मग खडेबाजारातल्या कापडाच्या होलसेल दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो.

माग गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मला चैन पडेना. संध्याकाळी दुकानातून सुटल्यावर हौशी नाटकवाल्यांच्या तालमीला जाऊन बसायला लागलो. पहिले सहा महिने प्रॉम्प्टिंग केलं. आमच्या जिल्ह्यात नाटकाची हवा जुनी आहे. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे. त्याचा आम्हाला अभिमान फार, तालमीला मात्र वेळेवर कुणी येत नाही.

२०२२ च्या डिसेंबरात कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात आमचा प्रयोग ठरला. त्याच पंधरवड्यात सीमाप्रश्न पेटला. आमच्या बाजूला हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं कर्नाटकच्या गाड्यांना काळं फासलं, दोन्हीकडच्या एसट्या बंद झाल्या. आमचं नेपथ्य ज्या टेम्पोत होतं त्याची नंबर प्लेट कर्नाटकची, केए २२. म्हणजे मराठी नाटक घेऊन मराठी माणसं महाराष्ट्रात चालली होती आणि भीती कोल्हापूरकरांची! शेवटी ‘मराठी नाटक, बेळगाव’ असा मोठा फलक लिहून टेम्पोच्या कपाळावर बांधला. परत येताना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याअलीकडेच तो सोडून आत ठेवला, कारण आता इकडची भीती. ड्रायव्हर मामा म्हणाले, “दोन्हीकडं चालंल असा एक बोर्ड करा की रे.”

तो प्रयोग बघायला सिनेमातली एक सहायक दिग्दर्शक आली होती. प्रयोगानंतर आत येऊन तिनं माझा नंबर घेतला. तिनं माझा लहानपणचा सिनेमा बघितला नव्हता. तिचा जन्मच १९९७ चा. या गोष्टीचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

इथून पुढचं सगळं कागदी आहे. ज्याला नुसती प्रक्रिया हवी त्यानं इथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

फेब्रुवारी २०२३ पासून सेल्फ टेप पाठवायला लागलो. आता पहिली ऑडिशन फोनवरच असते. आपण घरी रेकॉर्ड करून पाठवायची. माझी पहिली टेप बायकोनं बघितली आणि म्हणाली, पासपोर्ट ऑफिसात उभं राहिल्यासारखा दिसतोस. अनुभवानं शिकलो ते असं : फोन आडवा धरायचा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा, खिडकी पाठीमागे नव्हे तर समोर हवी, भिंत साधी हवी. मी फोन टेकवायला मागाच्या कांड्यांची जुनी पेटी वापरली, तिची उंची बरोबर बसली. सुरुवातीला नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण सांगायचं, दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवायचा. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणीतरी लागतं. माझी मुलगी वाचायची आणि माझ्यापेक्षा चांगली वाचायची. फोटो लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून काढून घेतले, अडीच हजार. भारी पोर्टफोलिओची गरज पडली नाही.

जूनपर्यंत अकरा टेपा पाठवल्या. नऊंना उत्तरच आलं नाही. उत्तर न येणं म्हणजेच नकार, हे समजून घ्यायला मला चार टेपा लागल्या. विचारत बसू नये. एकीला ‘थँक यू’ आलं. आणि एकीला, त्या सहायक दिग्दर्शिकेच्याच सिनेमाच्या टेपेला, बोलावणं आलं.

मे महिन्याच्या शेवटी लुक टेस्टला, म्हणजे भूमिकेत कसा दिसतो ते बघतात त्याला, अंधेरीला, आराम नगरात गेलो. स्लीपर बसचे जाताना अकराशे, येताना नऊशे. दुकानातून दोन दिवस बिनपगारी रजा. जिना चढून गेलो तर बाहेर पंचवीस-तीस पोरं बसलेली, सगळी विशीतली. माझं वय अडतीस. एकानं उठून मला खुर्ची दिली, त्याला वाटलं मी कुणाचा तरी बाप आहे.

भूमिका नव्वदच्या दशकातल्या एसटी कंडक्टरची होती. सीमेवरच्या गावात जाणारी मुक्कामाची गाडी आणि रोज तिनं शाळेला जाणारा एक मुलगा. त्यांनी मला लाकडी तिकीट ट्रे आणि पंच हातात दिला. मागावर तुटलेला धागा चालत्या यंत्रात बांधायची सवय असलेली बोटं माझी, पंच पटकन जमला. मग संवाद. मी उच्चारवाल्या बाईंच्या मराठीत म्हटला. दिग्दर्शक म्हणाला, “छान. आता घरी बोलता तसं बोला.” मला कळेना. पंधरा वर्षांपूर्वी पैसे देऊन घालवलेलं परत आणायचं कसं? मी खाली बघून, आमच्या ड्रायव्हर मामांना आठवून, पुन्हा म्हटलं. त्यात एक ‘खरं’ आलं. एका सहायकानं थांबवलं, “इथं ‘खरं’ नाहीये संहितेत.” मी म्हटलं, हे ‘पण’ आहे. दिग्दर्शकानं संहितेत पेन्सिलनं ‘पण’ खोडलं.

१६ जूनला निवड झाल्याचा मेसेज आला. मी दुकानात होतो, कापडाच्या सहा गाठी यायच्या होत्या. गाठी उतरवून घेतल्या आणि मग घरी फोन केला.

जुलैमध्ये करार आला, चौदा पानं, सगळी इंग्रजीत. रोजचे सहा हजार, चौदा दिवस, एकूण चौऱ्याऐंशी हजार. तीन हप्ते : सहीला वीस, शूटिंग संपल्यावर चाळीस, डबिंगनंतर चोवीस. एका वकील मित्रानं पंधराशे घेऊन वाचून दिला आणि ते पैसे सगळ्यात सत्कारणी लागले. नवव्या पानावर एक कलम होतं : कलाकाराचा आवाज गरज पडल्यास दुसऱ्याकडून डब करून घेण्याचा निर्मात्याला अधिकार राहील. मित्र म्हणाला, हे सगळ्यांच्याच करारात असतं. मी ते पान रात्रभर उशाला घेऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाज थरथरत होता. अडतीस वर्षांचा माणूस, इतक्या वर्षांनी काम हातात आलेलं आणि अटी घालतोय असं त्यांना वाटेल याची भीती. मी सरळ १९९७ ची गोष्ट सांगितली. कलम काढता येणार नाही म्हणाले, खरं ‘कलाकाराला आधी स्वतः डबिंगची संधी देऊन’ एवढे शब्द त्यात घातले. तेवढं पुरे होतं. करारात बदल मागता येतो, मागितलं म्हणून काम जात नाही. निदान माझं गेलं नाही.

आता पॅन कार्ड. माझं पॅन २००५ मध्ये मुंबईत एका एजंटानं काढलेलं. त्यावर माझं सिनेमातलं नाव होतं, मधलं नाव गायब आणि आडनावाचं स्पेलिंग भलतंच. आधार बेळगावात काढलेलं, कन्नड आणि इंग्रजीत, अप्पांच्या नावासकट पूर्ण नाव. ही दोन्ही जोडायची शेवटची तारीख ३० जून २०२३ होती. मी तोवर प्रयत्नच केला नव्हता, कारण दुकानाच्या पगारावर टॅक्स बसतच नव्हता. त्या तारखेनंतर न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली आणि निष्क्रिय पॅनवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात तो कर, दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के कापतात. ऑगस्टमध्ये पहिला हप्ता आला तो वीस हजारांचा नव्हे, सोळा हजारांचा.

सुटका अशी झाली. आधी ठरवलं की नाव कुठलं खरं? आधारवरचं. कारण आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्याला हात लावू नये. मग पॅन दुरुस्तीचा अर्ज भरला, फी १०७ रुपये, पुरावा म्हणून आधार जोडलं. अठरा दिवसांत नवीन पॅन आलं. करारावरचं नाव जुनं होतं, म्हणून ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र केलं. आमच्याकडे त्याला वीस रुपयांचा ई-स्टॅम्प लागायचा, नोटरीचे दीडशे वेगळे. मग आयकराच्या साइटवर उशिरा जोडण्याचा हजार रुपये दंड भरला. दंड भरल्या भरल्या लिंक होत नाही, भरल्याची नोंद तिथं दिसायला वेळ लागतो. मला चार दिवसांनी दिसली, तोवर वाटलं हजारही गेले. लिंक केलं आणि त्यानंतर महिन्याभरात पॅन चालू झालं. जुलैत सुरू केलेलं काम ऑक्टोबरात संपलं. ज्याला कधी तरी सिनेमाचा चेक येईल असं वाटतंय त्यानं पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव आजच वाचावं. निवड झाल्यावर वाचू नये.

शूटिंग २० नोव्हेंबरला चंदगड तालुक्यात सुरू झालं. मी रोज पहाटे पाचला मोटारसायकलनं हिंडलग्यावरून निघायचो, शिनोळीला हद्द ओलांडायची की महाराष्ट्र. युनिटचं हॉटेल होतं, खरं मला घरी येऊन झोपायचं होतं. पहिल्या दिवशी कॅमेरा शोधत होतो, मला वाटलं अजून आलाच नाही. तो इतका लहान आणि इतका गप्प होता! कॉलरला माइक लावला तेव्हा साउंडवाल्यानं विचारलं, “जेवणात काय होतं, सांगा, लेव्हल घेतो.” मी सांगितलं, भाकरी आणि पावट्याची आमटी. तो बोटानं ‘ओके’ करून गेला. त्याला काय माहीत!

शाळकरी मुलाचं काम करणारा पोरगा दहा वर्षांचा, गडहिंग्लजचा. त्याच्याबरोबर त्याची आई आणि प्रॉडक्शनवाल्याकडं एक जाडी फाइल. मी ती मागून वाचली. २०१६ मध्ये बालकामगारांचा कायदा बदलला, त्यानंतर लहान मुलाला सिनेमात घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. आणि मुलाच्या मानधनातले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. त्यामुळं त्याचं घड्याळ सगळ्या युनिटवर राज्य करायचं. साडेअकरा वाजले की त्याची आई उठून उभी राहायची, बोलायची काही नाही, नुसती उभी. शॉट अर्धवट असला तरी पोरगा सुटायचा आणि एसटीच्या टपावर चढून बसायचा. एकदा त्यानं विचारलं, “काका, तुम्ही लहानपणी पण होता ना पिक्चरमध्ये? तुमची एफडी किती झाली?” मी म्हटलं, आमची मोटर झाली. त्याला ते विनोदी वाटलं.

एक दिवस मी पार कोसळलो, तेही सांगायला हवं. सहावा दिवस, भरलेल्या गाडीतला लांब शॉट. अकरा टेक झाले. सातव्यापासून मला पुन्हा तोच पुण्याचा आवाज यायला लागला, बारीक आणि धुतलेला. तोंडातून निघतोय ते ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. ब्रेक झाला. मी गाडीमागे जाऊन उभा राहिलो. सहायक दिग्दर्शिका चहा घेऊन आली, काही बोलली नाही. चहा संपल्यावर मी घरी फोन लावून आईशी दोन मिनिटं बोललो, गॅस सिलिंडर आला का एवढंच. बाराव्या टेकला झालं. तेव्हापासून अवघड शॉटच्या आधी घरी फोन करतो. कारण काय ते आईला अजून माहीत नाही, ती म्हणते हल्ली ह्याला सिलिंडरची फार काळजी.

९ डिसेंबरला माझं काम संपलं. दुसरा हप्ता जानेवारीत आला, या वेळी दहाच टक्के कापून. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत डबिंग झालं. बसच्या इंजिनाच्या आवाजात जी वाक्यं बुडाली होती तेवढीच परत म्हणायची होती. काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, आधी कधी डबिंग केलंय? नाही म्हटलं. सव्वादोन तास लागले.

जुलैत रिटर्न भरलं. सिनेमाच्या कलाकारांना अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, आयटीआर-४ हा फॉर्म भरायचा, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली तरी चालते. सीएनं आठशे घेतले. कापलेले आठ हजार सप्टेंबरात परत आले. ते परत मिळतात हे पुष्कळांना माहीतच नसतं. मधल्या काळात, ८ ऑगस्टला रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ज्या विंगेत त्या मुलीनं माझा नंबर घेतला ती आता नव्हती. आमच्या ड्रायव्हर मामांनी फोन करून सांगितलं आणि दोघंही जरा वेळ फोन धरून गप्प बसलो.

सिनेमा २२ नोव्हेंबरला लागला. बेळगावात एकच खेळ, सकाळी सव्वादहाचा, तोही पाच दिवस. चाळीस जण नव्हते, आम्ही सहा जण होतो. अप्पा व्हीलचेअरवर, कडेच्या रांगेत. मी पडद्यावर येऊन पहिलं वाक्य बोललो तेव्हा मी पडद्याकडे बघत नव्हतो, आईकडे बघत होतो. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. मध्यंतरात म्हणाली, “टिकीटवाला बरा बोलतोय. खरं केस फार वाढवलेत त्याचे.”

तिसऱ्या हप्त्यासाठी नऊ महिने थांबावं लागलं. दर पंधरा दिवसांनी मेल करायचो, फोन नाही. मेलमध्ये कराराची तारीख आणि हप्त्याची रक्कम लिहायची, रागाचा शब्द नाही. जानेवारी २०२५ मध्ये एकवीस हजार सहाशे जमा झाले. दुकान मी सोडलेलं नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बँकेत गेलो आणि चोवीस हजारांच्या वीस टक्क्यांची, म्हणजे चार हजार आठशे रुपयांची मुदत ठेव काढायची आहे म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत विचारलं, “मुलीच्या नावानं का?”

“नाही, माझ्याच.”

“एवढीच? मुदत?”

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत असं तोंडावर आलं होतं. एक वर्ष म्हणालो.